प्रोषे की प्रोशे? पोलिश आणि इंग्रजी उच्चार मराठी तोंडात बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीचे एक इंजिनिअर आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात गेले. दिवसभर ऑफिसात इंग्रजी, संध्याकाळी पोलिशचा क्लास. ते लिहितात, "ताई, शिक्षिका 'श'चे दोन वेगळे उच्चार करून दाखवतात. वर्गातल्या बाकीच्यांना फरक कळतो, मला दोन्ही सारखेच ऐकू येतात. इकडे इंग्रजीत माझ्या व्ही आणि डब्ल्यूवरून टीम लीड सारखा 'काय?' विचारतो. माझा कान खराब आहे का? हे आवाज तोंडात नेमके कुठे आणि कसे तयार होतात, एकदा मुळापासून सांगाल?"

कान ठणठणीत आहे, आधी ती काळजी सोडा. जन्मलेलं मूल जगातल्या बहुतेक भाषांमधले आवाज वेगवेगळे ओळखतं. पुढे घरात जी भाषा बोलली जाते तिला ज्या फरकांची गरज नसते, ते फरक मेंदू बाजूला टाकतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी 1984 साली हे दाखवलं, तेही आपल्या त आणि टच्या जोडीवर. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट वेगळा ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तोच फरक जवळजवळ कळेनासा झाला होता. तुमच्या बाबतीत दोन शंचं तेच झालंय. म्हणून माझा सल्ला उलटा असतो: नुसतं ऐकत बसू नका. आधी जीभ कुठे ठेवायची ते शिका, हळूहळू कान मागून येतो. वर्गीकरणाचा उपयोगही याच कामासाठी आहे, परीक्षेत तक्ता भरण्यासाठी नाही.

मी स्वतः कशी शिकले ते सांगते. पोलंडमध्ये येऊन महिना झाला असेल. पावाच्या दुकानात काउंटरवरच्या आजींना मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "ख़्लेप, प्रोशे." मला म्हणायचं होतं, "पाव द्या, प्लीज." आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, डुकराचं पिल्लू कशाला हवंय? 'प्लीज'साठीचा शब्द आहे प्रोषे, ष घालून. प्रोशे म्हणजे डुकराचं पिल्लू. स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एस-झेड आहे, दुसऱ्या ठिकाणी एस-आय, आणि माझ्या तोंडात दोन्हीसाठी एकच श होता.

आता मुळापासून. फुप्फुसांतून हवा वर येते. कंठमण्याच्या मागे स्वरतंतूंच्या दोन घड्या असतात. त्या एकमेकींजवळ येऊन थरथरल्या की आवाज घोष, मोकळ्या राहिल्या की अघोष. पुरुषांत ही थरथर सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा होते, बायकांत दोनशेच्या आसपास. गळ्यावर बोटं ठेवून 'स्स्स' म्हणा, मग तोच आवाज न तोडता इंग्रजी झेड म्हणा. बोटांखालचं मशीन चालू झाल्यासारखं वाटेल. त्यानंतर हवा तोंडात येते आणि तिथे कुठेतरी अडवली जाते. कुठे अडवली ते स्थान, आणि कशी अडवली ती रीत. पूर्ण अडवून सोडली तर स्पर्श, जसे प, त, क. फट ठेवून घासत सोडली तर घर्षक, जसे स, श. आधी अडवून मग घासत सोडली तर स्पर्शघर्षक, जसा च. पडजीभ खाली सोडून नाकाने वाट दिली तर अनुनासिक. घोष की अघोष, कुठे आणि कसं, या तीन प्रश्नांची उत्तरं दिली की जवळपास कुठलंही व्यंजन ओळखता येतं.

हे तुम्ही पहिलीतच शिकला आहात, फक्त कुणी तसं सांगितलं नाही. कवर्ग गळ्याच्या बाजूला, मग चवर्ग, टवर्ग, तवर्ग आणि शेवटी ओठांवर पवर्ग. प्रत्येक ओळीत अघोष, महाप्राण, घोष, घोष महाप्राण, अनुनासिक. इंग्रजीची एबीसीडी किंवा पोलिश वर्णमाला यांच्या क्रमात असलं काही नाही. घोष-अघोषाचा संबंध गळ्यातल्या फटीशी आहे हे प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत, स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय ध्वनितज्ज्ञांनी संस्कृत व्याकरणकारांकडून बरंच काही उचललं. 1886 साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटनेचा तक्ता उघडा: आडव्या ओळीत स्थानं, उभ्या रकान्यात रीती. फक्त ते ओठांपासून सुरू करतात आणि आपण कंठापासून.

आता तुमच्या शहराचं नाव घेऊ. मराठी पेपरात ते व्रॉक्लॉ वगैरे काहीही छापून येतं. उच्चार आहे व्रोत्स्वाफ. पहिलं अक्षर डब्ल्यू, पण उच्चार इंग्रजी व्हीचा. सी म्हणजे त्स, आपल्या चाकातला च. आडवी रेघ मारलेला एल म्हणजे इंग्रजी डब्ल्यूसारखा व. आणि शेवटचा डब्ल्यू, जो व्ही व्हायला हवा होता, तो शब्दाच्या टोकाला आल्याने अघोष होऊन फ झाला. 'व्रोत्स्वाफमध्ये' म्हणताना पुढे प्रत्यय लागतो आणि तो व पुन्हा घोष होतो: व्रोत्स्वाव्यू. मी राहते त्या गावाचंही असंच, लिहितात क्राकोवसारखं, म्हणतात क्राकुफ.

खरी मेहनत ऊष्म्यांवर, म्हणजे स-श जातीच्या आवाजांवर आहे, तिथे सावकाश जाऊ. इंग्रजीत स-श जातीचे आवाज सहा: एस, झेड, 'शिप'चा श, 'मेझर'मधला घोष श, 'चेअर'चा च आणि 'जॅम'चा ज. पोलिशमध्ये बारा. दातांशी चार, मागे टाळूकडे वळलेले चार आणि जीभ टाळूला चिकटवणारे चार; प्रत्येक चौकडीत घर्षक आणि स्पर्शघर्षक, दोन्ही घोष-अघोष. इंग्रजीतून पोलिशकडे येणारा माणूस इथे हमखास गडबडतो, कारण इंग्रजीचा श नेमका पोलिशच्या दोन शंच्या मध्ये पडतो.

मराठी माणसाकडे मात्र तीनपैकी दोन घरं आधीच आहेत. 'चारा' म्हणा, मग 'चार' म्हणा. चाऱ्यातला च दातांशी, चारातला च टाळूशी. लिपीत एकच अक्षर, तोंडात दोन आवाज, आणि एकही मराठी मूल त्यात चुकत नाही. 'आमचा' म्हणताना च दातांशी असतो आणि 'आमची' म्हणताच टाळूवर जातो, कारण पुढचा ई जिभेला आधीच वर ओढतो. पोलिशमध्ये हीच ओढ व्याकरणभर पसरलेली आहे. मांजर म्हणजे कोत, 'मांजराविषयी' म्हणताना तचा च होऊन कोचे. जंगल म्हणजे लास, 'जंगलात' म्हणताना लेशे. वर्गातल्या इतरांना याचे तक्ते पाठ करावे लागतात. तुम्ही 'माझा, माझी' आठवा, कारण तेच आहे.

तिसरं घर आपलंच होतं, आपण ते बंद केलं: ष. शाळेत 'पोटफोड्या ष' म्हणून अक्षर शिकलो, पण 'भाषा' म्हणताना आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून श येतो. तरी ष पूर्ण गेलेला नाही. 'कष्ट' हा शब्द सावकाश म्हणा आणि ट यायच्या आधी थांबा. कष्ष्ष्. ट येणार म्हणून जिभेचं टोक आधीच वर जाऊन किंचित मागे सरलेलं असतं. हाच पोलिशचा एस-झेड, थोडा कमी वळवलेला. त्याला सरळ मूर्धन्य (जीभ मागे वळवून काढलेला) म्हणावं की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे, कारण जीभ आपल्या ट इतकी उलटी होत नाही; तुमच्या कामापुरता ष म्हणा. ओठ किंचित पुढे काढा. आता दुसरा: 'शीत' म्हणा आणि शवर थांबा. टोक खाली, खालच्या दातांच्या मागे टेकलेलं. जिभेची पाठ टाळूजवळ. ओठ हसल्यासारखे ताणलेले. हा एसवर तिरपी रेघ असलेला श. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा लावून दोन्ही करून बघा, ओठांचा फरक डोळ्यांनाही दिसतो.

आवाज न काढता नुसत्या कुजबुजीत स, श, ष असे ओळीने म्हणा. शिट्टीची पट्टी खाली खाली उतरत जाईल: स सगळ्यात तार, श मधला, ष सगळ्यात खर्जातला. माझ्या विद्यार्थ्यांना दोन शंमधला फरक सगळ्यात आधी इथे कळतो, कारण पट्टीची चढउतार ओळखायला कानाला भाषा लागत नाही.

मग शब्द घ्या. कासा म्हणजे पैसे भरायची खिडकी, काशा हे मुलीचं लाडकं नाव, काषा म्हणजे भरड धान्याची खिचडी. व्येश म्हणजे खेडं, व्येष म्हणजे 'तुला माहितीय'. स्पर्शघर्षकांतही तेच. चहातला च घेऊन प्वाच म्हटलं तर अर्थ 'पैसे दे'. जीभ ट्षवर नेऊन प्वाट्ष म्हटलं तर 'रड'. हॉटेलात बिल भरायला मित्राला कोणत्या शब्दात सांगायचं ते नीट ठरवून जा.

षची गंमत अजून एक. क्षिष्तोफ हे पोलिश पुरुषांचं अगदी सर्रास नाव. रोमन स्पेलिंग बघून इंग्रज माणूस पहिल्याच अक्षराला हात टेकतो, कारण के-आर-झेड असं सुरू होतं. आर-झेडचा उच्चार एकट्याने घोष ष असतो, पण अघोष कच्या शेजारी बसला की तोही अघोष होऊन साधा ष होतो. क आणि ष एकत्र म्हणजे क्ष! देवनागरीत एका जोडाक्षरात काम झालं. घोष ष मात्र मराठीत नाहीच. ष लांबवत धरा आणि मध्येच गळ्याचं मशीन चालू करा. तो झेडवर टिंब देऊनही लिहितात आणि आर-झेड असाही. 'समुद्र' आणि 'कदाचित' या अर्थांचे दोन पोलिश शब्द वेगळे लिहून अगदी सारखे बोलले जातात. ऱ्हस्व-दीर्घाने छळलेल्या मराठी माणसाला पोलिश मुलांबद्दल इथे आपोआप माया वाटते.

'तीन' आणि ('येतोस का?'मधला) 'का' यांच्या पोलिश शब्दांची जोडीही ऐका. दोन्ही भरभर ऐकले तर ट्षि, ट्षि. 'का'मध्ये स्पर्श आणि घर्षण एकाच झटक्यात येतं, म्हणजे तो एक स्पर्शघर्षक आहे. 'तीन'मध्ये आधी त आणि मग वेगळा, लांबलेला ष. बोलीत बरेच पोलिश लोक स्वतःच हा फरक पुसतात, तेव्हा यावर रात्र घालवू नका.

आता तुमचा टीम लीड. मराठी व हा ना व्ही ना डब्ल्यू. खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो पण घासत नाही, आणि ओठ गोलही होत नाहीत. मधल्या मध्ये लटकलेला आवाज. इंग्रज कान त्याला कधी व्ही समजतो, कधी डब्ल्यू, आणि नेमका चुकीच्या वेळी चुकीचा. आपण व्हीसाठी 'व्ह' लिहितो, त्याने आणखी गोंधळ होतो, कारण ह मिसळून काही साधत नाही. व्हीसाठी खालचा ओठ वरच्या दातांना खरोखर टेकवा आणि घोष घर्षण करा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. डब्ल्यूसाठी दात विसरा. शिट्टी वाजवायला करतो तसे ओठ गोल करा आणि उ म्हणून लगेच पुढच्या स्वरावर उडी मारा. पोलिशमध्येही हीच जोडी अर्थ बदलते: व्हीच्या आवाजाने वाता म्हणजे कापूस, डब्ल्यूच्या आवाजाने म्हणजे ठिगळ. एक महिना घासलात तर दोन्ही भाषांचं काम एकदम होईल.

रेघवाल्या एलला व का म्हणतात हा प्रश्न सगळे विचारतात. तो पूर्वी ल होता, जिभेचं मूळ मागे ओढून म्हटलेला जाड ल. हळूहळू टोक टेकायचं बंद झालं आणि उरला नुसता ओठांचा व. इंग्रजीत हेच आज घडताना ऐकू येतं: शब्दाच्या शेवटी आणि व्यंजनाआधी इंग्रजी एल जाड होतो, आणि लंडनच्या बोलीत 'मिल्क'चं 'मिउक' होतं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांतले बरेच जण पूर्वेकडच्या प्रांतांतले, आणि त्या भागात जुना जाड ल टिकून होता. म्हणजे पंचगंगेकाठी जी पोलिश ऐकू आली तिच्यात आज व्रोत्स्वाफमध्ये न भेटणारा तो ल असणारच. त्या बिचाऱ्यांना आपला ळ कसा जमला असेल देव जाणे. पोलिशमध्ये ळ नाही.

त आणि ट यांचं बघू. पोलिश टी दंत्य आहे, म्हणजे सरळ आपला त. 'हो'साठीचा शब्द चक्क ताक. पण रोमन टी दिसला की इंग्रजी शाळेच्या सवयीने आपण ट म्हणतो, आणि 'टाक' ऐकून पोलिश माणूस गोंधळतो. पोलिश वाचताना टी आणि डी दिसले की त आणि द म्हणा, सगळं सुटेल. इंग्रजी टी मात्र त नाही आणि ट नाही. वरच्या दातांच्या मागे हिरडीचा जो उंचवटा लागतो त्यावर जिभेचं टोक टेकवून तो होतो, म्हणजे दंतमूलीय.

इंग्रजीत आणखी एक छुपी अट आहे. 'पिन'मधला पी हवेच्या झोतासह सुटतो, 'स्पिन'मधला पी कोरडा. इंग्रज माणसाला हे दोन वेगळे वाटत नाहीत, तुम्हाला मात्र वाटायला हवेत, कारण आपल्याकडे ते सरळ फ आणि प आहेत. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून बघा. तुम्ही कोरड्या पने 'पिन' म्हटलं तर इंग्रज कानाला 'बिन' ऐकू येऊ शकतं. पोलिश माणसाचीही इंग्रजी बोलताना हीच अडचण, त्याचे प, त, क आपल्यासारखेच कोरडे. फरक इतकाच की त्याला हवेचा झोत नव्याने शिकावा लागतो आणि आपल्याला फक्त फ, थ, ख आठवायचे. फ आठवताना फळातला जुना, दोन्ही ओठ मिटून सोडलेला फ. हल्लीचा एफसारखा नको. ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन यांनी 1964 साली स्पर्श सुटल्यापासून स्वरतंतू थरथरायला किती वेळ लागतो हे अकरा भाषांत मोजलं. त्या अकरांत मराठी होती. बहुतेक भाषांत या एका मापाने काम भागलं. मराठी आणि हिंदी मात्र त्यात बसल्या नाहीत, कारण ब आणि भ यांत वेळ वेगळा नसतो, श्वास वेगळा असतो. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उगाच कॉलर ताठ झाली होती.

शब्दाच्या टोकाला काय होतं ते व्रोत्स्वाफमध्ये पाहिलंच. पोलिशमध्ये शेवटचं घोष व्यंजन अघोष होतं: पावाच्या शब्दात शेवटी लिहितात 'ब', म्हणतात ख़्लेप, 'कोड' आणि 'मांजर' दोन्ही कोत. ही सवय घेऊन तुमचे पोलिश सहकारी इंग्रजीत 'डॉग'चं 'डॉक' करतात. आपण 'बाग', 'गोड' म्हणताना शेवटपर्यंत घोष ठेवतो, म्हणून पोलिश बोलताना उलटी काळजी: टोकाला गळ्याचं मशीन बंद करा. इंग्रजीतली खरी खूण तर व्यंजनात नसून त्याआधीच्या स्वरात असते. 'बॅग'मधला स्वर 'बॅक'पेक्षा लांब असतो. तो लांबवलात की शेवटचा ग अर्धवट म्हटला तरी चालतो.

स्वरांकडे वळते. स्वरांत हवा कुठे अडत नाही, म्हणून स्थान-रीतीचा तक्ता चालत नाही. जीभ किती उंच, पुढे की मागे आणि ओठ गोल की नाहीत, यावर स्वर ओळखायचे. इंग्लंडमधल्या प्रमाण उच्चारात पारंपरिक गणतीने वीस स्वर, त्यांत आठ जोडस्वर, व्यंजनं चोवीस. पोलिशमध्ये साधे स्वर सहाच. पाच आपल्या ओळखीचे, सहावा वाय अक्षराचा. इ म्हणा, ओठ तसेच ठेवा, जीभ किंचित मागे आणि खाली घ्या. तो आला नाही तर 'असणे' आणि 'मारणे' हे दोन पोलिश शब्द एक होतात, आणि 'मला इथे असायचंय' असं म्हणताना समोरचा दोन पावलं मागे सरकतो.

इंग्रजीत 'शीप' आणि 'शिप'मध्ये आपण लांबी मोजतो, कारण शाळेत दीर्घ-ऱ्हस्व शिकलो. खरा फरक जिभेच्या जागेचा आहे: 'शिप'चा स्वर खाली आणि मागे, जवळजवळ त्या पोलिश वायसारखा. एक शिकलात की दुसरा जवळपास फुकट.

आपला अ पोलिशमध्ये नाहीच. म्हणून ऑफिसात अनिलचा आनिल होतो, रागावू नका. इंग्रजीत मात्र अ सगळीकडे आहे, आघात नसलेल्या जागी दडलेला: 'बनाना'त पहिला आणि शेवटचा स्वर आपला साधा अ, जोर मधल्या नावर. पोलिशमध्ये आघात जवळपास नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर, स्वर कुठेच विरत नाहीत. जोडाक्षरांत अ घुसडू नका एवढंच. ट्राउट माशाला प्स्त्रोंक म्हणतात, प, स, त, र एका दमात. 'वस्त्र' म्हणणाऱ्याला अवघड नाही, फक्त पनंतर श्वास सोडू नका.

शेपटी लावलेले ए आणि ई हे नाकातले स्वर म्हणून पुस्तकं घाबरवतात. इथे तुम्ही वर्गातल्या सगळ्यांच्या पुढे आहात. 'अंक', 'अंत', 'अंबा' म्हणताना आपला एकच अनुस्वार ङ्, न्, म् असा शेजाऱ्याप्रमाणे बदलतो. पोलिशचंही तेच: हात म्हणजे रेङ्का, अनेकवचनात रेन्त्से, आणि दात म्हणजे झेम्बी. स, श, ह यांच्या आधी तर कमालच. आपण 'सिंह' लिहितो आणि 'सिंव्ह' म्हणतो, 'संसार' म्हणताना मध्ये नाकातला व येतो. अगदी हाच नाकातला व पोलिश मिशीत आहे: वोंव्स. सॉलिडॅरिटी या पोलिश कामगार संघटनेचे नेते लेख़ वावेंव्सा यांचं आडनाव 'वालेसा' छापून आलं की मला वाईट वाटतं. मराठीत ते जवळजवळ तंतोतंत लिहिता येतं. शब्दाच्या टोकाला मात्र ईची शेपटी सहसा गळते, म्हणून प्रोषे, प्रोषें नाही.

इंग्रजी टी-एचबद्दल थोडक्यात: आपण थ आणि द म्हणतो, पोलिश लोक फ, स किंवा त. दोघंही चूक. जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा घासत सोडायची, अडवायची नाही. घाईत थ आला तरी कुणाचं काही अडत नाही, व्ही-डब्ल्यू आधी दुरुस्त करा.

जाता जाता: कोणते फरक अर्थ बदलतात आणि कोणते नाहीत, या विचाराला 'स्वनिम' हे नाव चिकटवण्यात पोलिश माणसांचा मोठा हात आहे. वॉर्साजवळ राद्झिमिनला 1845 साली जन्मलेले यान बोदुएँ द कुर्तने 1875 ते 1883 रशियातल्या कझानला प्राध्यापक होते, आणि तिथे त्यांचे विद्यार्थी मिकोवाय क्रुषेफ्स्की. फ्रेंचमधला एक नवा शब्द उचलून या दोघांनी त्याला आजच्या अर्थाकडे वळवलं. बोदुएँ संस्कृतही शिकवायचे. 1922 साली पोलंडच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी अल्पसंख्याकांच्या पक्षांनी त्यांना उभं केलं होतं. निवडून आले नाहीत.

आता पुढच्या तीन आठवड्यांचं काम. रोज पंधरा मिनिटं, जास्त नको. पहिली पाच मिनिटं आरशासमोर स, श, ष कुजबुजत. पुढची पाच कासा, काशा, काषा, मग प्रोषे आणि प्रोशे, मग प्वाच आणि प्वाट्ष. मोबाइलवर रेकॉर्ड करा. शेवटची पाच वाता आणि त्याचा गोल ओठांचा जोडीदार. हे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून पिसा, एकेक काढून म्हणा, आणि घरमालकीणबाईंना किंवा एखाद्या पोलिश सहकाऱ्याला चिठ्ठी न दाखवता विचारा की काय ऐकू आलं. दहापैकी आठ वेळा बरोबर सांगितलं की मगच पावाच्या दुकानात जा.